पाळीवरचे पिवळे कागद

सव्वाआठ झाले तरी तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावरच्या गवतात दव होतं. दामिनीने त्यावरून हात फिरवला. तळवा ओला झाला.

"अजून वीस मिनिटं," ती म्हणाली.

खाली बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, प्रेमिलाबाईंचा दोन एकर धान लोंब्या निसवून उभा होता. पाळीवरून पाहिलं की त्यात तीन करपलेले गोल दिसत, जणू कुणी मधूनमधून शेकोटी पेटवली असावी. तीन दिवसांपूर्वी एकच गोल होता. तुडतुडा बुंध्याशी बसून रस पितो. वरचं पान पिवळं पडेपर्यंत बुंधा संपलेला असतो. एका चुडात, म्हणजे रोपांच्या एका झुपक्यात, दहा तुडतुडे दिसले की फवारावं असं सांगतात. दामिनीने काल संध्याकाळी एका चुडात बेचाळीस मोजले होते. याच वेगाने गेलं तर आठवड्यात कापायला काही उरणार नव्हतं, आणि चिखलात पाठीवर पंप घेऊन दोन एकर उरकायला माणसं मिळत नव्हती.

ड्रोन होता. उन्हाळ्यात गावाच्या महिला बचत गटाला मिळालेला, दहा लिटरच्या टाकीचा. दामिनी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, म्हणून गटाने तिला चालवायच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. जया तिची जोडीदार. दवाई कालवणं आणि उडण्याआधी तपासणीची यादी वाचणं हे तिचं काम. गटाच्या अध्यक्ष प्रेमिलाबाईच. नांगरणीपासून आजवर इतरांच्या शेतांवर ड्रोन सात वेळा उडाला होता. पाळीखाली मात्र एकदाही नाही.

कारण पाळीपलीकडे तलाव होता आणि तलावात मच्छीमार संस्थेची रोहू-कतला. गेल्या वर्षी कुणा मजुराने फवारणीचा पंप तलावात विसळला होता. दुसऱ्या सकाळी काठाशी पांढरी पोटं तरंगत होती. तेव्हापासून तलावाखालच्या बावीस एकरांत दवाई म्हटलं की संस्थेचे लोक उठून उभे राहत. परवाच्या सभेत संस्थेचे अध्यक्ष शालिकराम यांनी एकच वाक्य सांगितलं होतं.

"एक थेंब बी तलावात आला, तं पाळीखाली ड्रोन कायमचा बंद."

प्रेमिलाबाईंनी ते मान्य केलं. दुसरा इलाज नव्हता.

मग दामिनीने आपली रीत सांगितली. आधी टाकीत साधं पाणी भरून उडवायचं, फवारणीला असते तीच उंची, तोच वेग, फवाऱ्याची तीच तोंडं. पाळीवर पिवळ्या कागदाच्या पट्ट्या लावायच्या. हा कागद वेगळा असतो. त्यावर पाण्याचा बारीकसा थेंब पडला तरी तिथे निळा ठिपका उमटतो. पट्ट्या पिवळ्या राहिल्या, तर पाणी पाळीपर्यंत येत नाही. पाणी येत नसेल तर दवाईही येणार नाही.

"कागद आमची माणसं लावतीन," शालिकराम म्हणाले होते. "तुमची नाई."

दामिनीला हे पटलं. ज्याचं काम तपासायचं, त्याने तपासायला बसू नये.

दव वाळलं. संस्थेची चार माणसं पाळीवर चढली. पहाटे जाळी उचलून ती तशीच आली होती. त्यांनी दर दोन मीटरवर बांबूची कांब रोवली आणि तिच्या चिरेत पट्टी अडकवली. तीस पट्ट्या झाल्या. तोवर अर्धं गाव धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, येऊन बसलं होतं.

जयाने यादी उघडली. "पोलीस ठाण्यात कळवलं?"

"कळवलं. कालची पोच आहे."

"नकाशा?"

"हिरवा. उडवायला मनाई नाही."

"पंखे?"

बारा पाती होती. दामिनी एकेका पात्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत गेली.

भूपेश धुऱ्यावर उकिडवा बसला होता. त्याचीही पाच एकर पाळीखालीच. "काऊन व दामिनी," तो म्हणाला, "वडशाच्या नाटकाले इतका वेळ नाई लागत. तिथी पडदा तं उघडते."

"तिथी पडदा पडला तं कोनाचं डोस्कं नाई फुटत," जया वर न पाहता म्हणाली. बायका हसल्या.

सातव्या पात्यावर नख अडकलं. दामिनीने परत फिरवलं. त्याच जागी परत अडकलं. तिने पेटीतून नवीन पातं काढलं आणि जुनं उतरवू लागली.

"इथी काय झालं?" भूपेशने उतरवलेलं पातं हातात घेऊन उन्हात धरलं. "मले तं काईच नाई दिसत."

"दिसत नाही. नख फिरवून पाहा."

त्याने नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. "हे तुटलं असतं तं?"

"मिनिटाला दोन-तीन हजार फेरे असतात. तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही."

भूपेश उठला आणि बसायची जागा बरीच मागे नेली. त्याचं पाहून बाकीचेही सरकले. दामिनीला तीस मीटर हवे होते, सांगण्याआधीच मिळाले.

"बॅटरी?"

"दोन्ही भरलेल्या, दोन्हींचा दाब सारखा."

"होकायंत्र?"

"स्थिर."

"उपग्रह?"

"अठरा."

"परतायची उंची?"

समोर मोहाचं झाड होतं, पंधरा मीटरच्या आसपास. "पंचवीस."

"हद्द?"

हद्द तिने काल स्वतः चालून आखली होती. पाळीलगतची पहिली बांधी तिने सोडली होती. तिथे प्रेमिलाबाई हातपंपाने फवारणार होत्या. यंत्र त्या रेषेपुढे जाणारच नव्हतं.

"हवा?"

दामिनीने वारा मोजायचं यंत्र हात उंच करून धरलं. सेकंदाला एक पूर्णांक सहा मीटर, तलावाकडून शेताकडे. "चालेल. तीनच्या वर गेला तर थांबायचं. दिशा फिरली तरी थांबायचं."

ड्रोन उठला तेव्हा धानाची पानं चक्राकार दबली. तो बांधीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, वळला, परत आला. मागे पाण्याचं धुकं राहत होतं आणि लगेच खाली बसत होतं. नऊ मिनिटांत पाळीकडचा एक एकर झाला. ड्रोन उतरला, पंखे थांबले आणि सगळे पाळीकडे पाहू लागले.

शालिकराम एका टोकाकडून निघाले. तिसऱ्या पट्टीपाशी ते वाकले आणि तसेच राहिले.

"निळा हाये," त्यांनी सांगितलं.

अकरावी आणि बारावी निळी. सत्ताविसावीही निळी. चार पट्ट्या घेऊन ते खाली आले आणि दामिनीच्या हातात दिल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "झालं मग. मी सभेतच सांगतलं होतं."

प्रेमिलाबाई धुऱ्यावर बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. पदराचं टोक हातात घेऊन त्या आपल्या धानाकडे पाहत राहिल्या.

दामिनीने चारही पट्ट्या उन्हात धरल्या. वाऱ्याने थेंब आले असते तर शेजारशेजारच्या पट्ट्यांवर आले असते. कुठे जास्त, कुठे कमी, पण सलग. दुसरी आणि चौथी पूर्ण कोरी, मग तिसरीच कशी? आणि थेंबाचे ठिपके असतात. हे ठिपके नव्हते. पट्टीच्या कडेला लांबट डाग होता आणि त्यात बारीक रेघा होत्या, एकात एक वळलेल्या.

"तिसरी, अकरावी, बारावी कोणी लावली?"

"म्या," झिंगू म्हणाला. संस्थेतला सगळ्यात म्हातारा माणूस. "सत्ताइसावी बी मीच. काऊन?"

"झिंगूमामा, हात पाहू."

त्याने हात पुढे केला. जाळ्याच्या पाण्याने बोटं अजून सुरकुतलेली आणि ओलसर होती. दामिनीने नवी पट्टी त्याच्या अंगठ्याखाली धरली. अंगठा उचलला तेव्हा तिथे तसाच लांबट निळा डाग होता, तशाच रेघा.

"बाप्पा," झिंगू म्हणाला. "म्हंजे मीच मच्छी मारली."

धुऱ्यावर हशा पिकला. भूपेश सगळ्यात मोठ्याने हसत होता. शालिकराम हसले नाहीत. ते पट्टी डोळ्यांजवळ धरून उभे होते.

"अंगठा हाये, हे पटलं," ते म्हणाले. "पन त्या अंगठ्याखाली थेंब नसन कशावरून?"

हसणं थांबलं. दामिनीने मान हलवली. प्रश्न बरोबर होता. तो तिने स्वतःलाच आधी विचारायला हवा होता. निळ्यावर निळा दिसत नाही.

"तुमचं बरोबर आहे, भाऊ. परत करू."

जयाने तिला बाजूला ओढलं. "बॅटऱ्यांच्या तीन जोड्या हायेत. एक संपली. दुसरी यात गेली तं दवाईले एकच उरते. एकीत एक एकर. गावात लाइन बारा वाजल्याबिगर येत नाई. तवा हवा ऐकन का? अन् उद्यापासून ड्रोन दुसऱ्यांच्या शेतांवर बोललेला हाये."

प्रेमिलाबाईंनी ते ऐकलं होतं. त्या उठून जवळ आल्या. दामिनी त्यांच्याकडे वळली. धान त्यांचा होता.

"कर परत," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "एकच एकर वाचला तरी चालन. उद्या मच्छी मेली तं नाव ड्रोनचं होईन, अन् मंग बावीस एकर जाईन."

पन्नास पट्ट्यांच्या पुडक्यातल्या एकोणीस उरल्या होत्या. ड्रोन पाळीच्या सगळ्यात जवळून जिथे जात होता, त्याच भागात त्या दाट लावायच्या ठरल्या. या वेळी शालिकराम स्वतः वर चढले. आधी त्यांनी कोरडी माती हाताला चोळली, मग दुपट्ट्याने हात पुसले, मग उन्हात धरले. झिंगूला त्यांनी दहा हात लांब बसवलं. "तू फकस्त पाह. बोट नको लावू."

खाली जयाने यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केली.

"आत्ताच तं पाह्यलं सगळं," कुणीतरी म्हणालं.

"बॅटरी बदलली ना गा," उत्तर भूपेशने दिलं. "बदललं का परत पाहा लागते."

पात्यांवरून नख पुन्हा फिरलं. उपग्रह सतरा. वारा एक पूर्णांक आठ, तलावाकडूनच. ड्रोन उठला, त्याच रेषांवरून गेला आणि उतरला.

शालिकरामांनी खिशातून चष्मा काढला. प्रत्येक पट्टी त्यांनी पुढून पाहिली, मागून पाहिली, कडा पाहिल्या. एकोणिसाव्या पट्टीपाशी ते सरळ उभे राहिले.

"कोरे हायेत," ते म्हणाले. "एकोनवीसच्या एकोनवीस."

टाळ्या आधी बायकांकडून आल्या. मग पाळीवरच्या माणसांनी वाजवल्या. प्रेमिलाबाईंनी नाही वाजवल्या. त्या दवाई कालवायला जयापाशी जाऊन बसल्या होत्या.

पहिला एकर साडेनऊला पूर्ण झाला. तीन गोलांपैकी दोन त्यात आले. तिसऱ्या जोडीची बॅटरी पेटीत ठेवताना दामिनीने उरलेल्या एकराकडे पाहिलं. तिथला गोल सगळ्यात ताजा होता, म्हणजे तुडतुडा तिथेच सर्वांत जास्त होता.

"हे कशावर भरते?" मागून शालिकरामांनी विचारलं.

"विजेवर. चार्जर आहे. वीज नाही."

"मच्छीचं बीज वाढवतो त्या लहान बोडीवर संस्थेचं जनरेटर हाये. पानी खेचाले ठेवलं हाये."

"किती वजन?"

"मच्छीच्या टोपल्यांपरीस हलकं," ते म्हणाले, आणि तसं अजिबात नव्हतं.

माशांची कावड वाहणारी चार माणसं धावत गेली. पंधरा मिनिटांनी जनरेटर बांबूला दोरांनी टांगून बांधांवरून येताना दिसला. सगळ्यांत पुढे झिंगू वाट दाखवत होता, जणू त्याच्याशिवाय शेत सापडलं नसतं. भूपेशने जाऊन मागचा खांदा घेतला. चार्जर लागला आणि हिरवा दिवा लुकलुकू लागला.

आता वाऱ्याशी शर्यत होती. दामिनी दर पाच मिनिटांनी यंत्र वर धरून आकडा मोठ्याने सांगत होती. धुऱ्यावरची माणसं तो एकमेकांना पुढे सांगत होती. दोन पूर्णांक एक. दोन पूर्णांक तीन. दिशा तीच. दोन पूर्णांक दोन.

"वाढला तं?" शालिकरामांनी विचारलं.

"तीन झाला तर उडणार नाही."

"आमी सांगतलं तरी?"

"तुम्ही सांगितलं तरी."

त्यांनी मान डोलावली. बहुधा त्यांना एवढंच ऐकायचं होतं.

दहा वीसला बॅटऱ्या भरल्या. जयाने यादी वाचली. या वेळी कुणी काही बोललं नाही. 'हवा?' ला मात्र दामिनीच्या आधी धुऱ्यावरून पाच-सहा आवाजांनी उत्तर दिलं, "दोन पूर्नांक चार!" दामिनीने तरीही यंत्र वर धरून पाहिलं. दोन पूर्णांक पाच होता. तिने तोच आकडा लिहिला.

ड्रोन शेवटच्या एकरावर गेला. तिसऱ्या गोलावरून तो चार वेळा आरपार गेला, आणि पंख्यांच्या झोताने धान इतका खोल वाकत होता की बुंधे उघडे पडत होते. दामिनीला तेच हवं होतं. शेवटची रेघ संपली, यंत्र धुऱ्यावर उतरलं आणि पाती थांबली, तेव्हा दहा पस्तीस झाले होते. तिने वारा मोजला. दोन पूर्णांक नऊ.

टाकी धुतलेलं पाणी शेताच्या दुसऱ्या टोकाला, तलावापासून सगळ्यात लांब, खोदलेल्या खड्ड्यात गेलं. शालिकराम खड्ड्यापर्यंत चालत आले, पाहिलं आणि परत गेले.

पाचव्या दिवशी सकाळी दामिनी मोजायला आली. करपलेले गोल तिथेच होते. जळलेला धान परत येत नाही. पण ते तेवढेच होते, एक वीतही पुढे गेले नव्हते. तिने दहा चुडं निवडली, एकेक हाताने आपटून खाली धरलेल्या ताटात पाहिलं. दोन. एक. शून्य. दोन. तीन. पाळीपलीकडे संस्थेची माणसं जाळं ओढत होती आणि जाळ्यात रोहू पाणी उडवत होती. प्रेमिलाबाई तिच्या मागे बांधीत उभ्या होत्या.

"दहाही चुडं मोजायची आहेत," दामिनी म्हणाली.

"मोज," प्रेमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी एक लोंबी हातात घेऊन दाणा नखाने दाबला. आत दूध भरलेलं होतं.

त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीत सभा झाली. विषय एकच होता, पाळीखालच्या उरलेल्या वीस एकरांवर ड्रोन उडू द्यायचा का. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांत आधी शालिकरामांचा हात वर गेला. मग संस्थेच्या माणसांचे गेले आणि शेवटी, मोजायला अर्थ उरला नाही इतके.