बाल्कनीचं तिकीट

आमचा बारक्या पडदे शिवायला टाकायला आला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. नावालाच बारक्या, दारातून आडवा होऊन आत येतो. महापालिकेचा खजिनदार आहे, पण माझ्याकडे येतो तो पँट उसवली की. त्या दिवशी पँट धड होती.

"ताई, मोठं काम आहे," तो म्हणाला. "काळं कापड, दोन मजले उंच, आणि रस्ताभर."

"कसले पडदे?"

"शर्यतीचे."

"शर्यतीला पडदे कशाला? नाटक आहे का?"

तो कपातल्या चहाकडे बघत बसला. लहानपणी फुलदाणी फोडली तेव्हाही असाच बसला होता.

आमच्या शहरात दरवर्षी मोटारींची आंतरराष्ट्रीय शर्यत होते, शहरातल्याच रस्त्यांवर. माझी बाल्कनी बरोबर वळणावर आहे. गाड्या तिथे इतक्या हळू होतात की चालवणाऱ्याच्या हातमोज्यांची शिवण दिसते, आणि शिवण कशी आहे ते मला बरोबर कळतं. शर्यत ज्या परदेशी कंपनीची आहे ती शहराकडून दरवर्षी फी घेते, आणि महापालिका ती प्रेक्षकांसाठी उभारलेल्या स्टँडच्या तिकिटांतून काढते. म्हणजे काढायला हवी. पण आमच्याकडे तिकीट कोणी काढतच नाही. प्रत्येकाची कोणी ना कोणी आत्या, मावशी, साडू रस्त्याच्या कडेला राहतो, आणि शर्यत बघायची ती त्यांच्या बाल्कनीतून, फुकट. तिकीट काढून स्टँडवर बसलेला माणूस दिसला की लोक हळहळतात, बिचाऱ्याला गावात कोणी विचारत नाही म्हणून. त्यामुळे स्टँड ओस आणि बाल्कन्या मोडायला आलेल्या. यंदा कंपनीने निक्षून सांगितलं होतं की फी पुरती भरा, नाहीतर शर्यत दुसऱ्या शहरात नेतो. बारक्याच्या नाकी नऊ आले होते.

"म्हणून बाल्कन्यांसमोर पडदे," तो पुटपुटला. "म्हणजे लोक स्टँडवर येतील."

"म्हणजे माझ्या नाकासमोरचा पडदा मीच शिवायचा."

"दर चांगला देतोय, ताई."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा तसाच होता, पण माझाही नाइलाज होता.

खरं सांगायचं तर शर्यत जायची धास्ती मला बारक्यापेक्षा जास्त होती. हे गेल्यापासून घरात मी आणि शिलाई मशीन. सासरची, माहेरची माणसं प्रेमळ आहेत, फोन करतात, 'येतो एकदा' म्हणतात, आणि येत नाहीत. येतात ती फक्त शर्यतीच्या रविवारी. त्या दिवशी माझ्या घरात पाय ठेवायला जागा नसते. शर्यत गेली तर नुसतं मला बघायला कोण येणार? मी काही वळणावरून भन्नाट जात नाही.

"पडदे लावलेस तर लोक घरी टीव्हीसमोर बसतील," मी बारक्याला म्हणाले. "तुझ्या स्टँडवर कुत्रंही फिरकणार नाही. त्यापेक्षा बाल्कनीलाच तिकीट लाव की."

बोलून गेले आणि जीभ चावली. आपल्याच माणसांना आपल्याच घरात बसायचे पैसे? एक जण येणार नाही. पण बारक्याचा चेहरा असा काही उजळला होता की शब्द परत घेता येईना, आणि घेऊन तरी काय, शर्यतच गेली तर सगळंच संपलं. मी त्याला दुसरा चहा करून दिला.

महापालिकेने पडद्यांचा नाद सोडला आणि बाल्कनीच्या तिकिटाचा ठराव केला. बाल्कनीची तिकिटंही बारक्याने स्टँडसारखीच छापली, शुक्रवार ते रविवार अशी. पहिले दोन दिवस नुसता सराव आणि चाचण्या असतात, ते बघायला कधी चिटपाखरूही येत नाही. "छापलं तर छापलं," तो म्हणाला, "शुक्रवारी कोण मरायला येतंय?"

मला मात्र सगळ्यांना फोन करावे लागले. नणंद म्हणाली, "वहिनी, चेष्टा करतेस का?" बारक्याच्याच लेकीने विचारलं, "आत्या, बाबांच्या नात्याने काही सवलत?" थोरले दीर सगळ्यात भडकले. "ज्या घरात बसायचे पैसे पडतात त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही," असं म्हणून त्यांनी फोन आपटला. मी त्या दिवशी एका उशीच्या अभ्र्याला चारही बाजूंनी शिवून टाकलं.

पुढे बारक्याने कळवलं की माझ्या बाल्कनीची सगळी तिकिटं खिडकीवर संपली. कोणी घेतली ते त्याला ठाऊक नव्हतं. परकी माणसं असणार, मी धरून चालले. परक्यांसाठी घर झाडलं, खुर्च्या पुसल्या आणि एकटीच बसून रडले.

शुक्रवारी दूधही आलं नव्हतं तेव्हा बेल वाजली. दारात थोरले दीर, जाऊबाई, दोन बॅगा आणि एक घडीची खुर्ची.

"भाऊजी, तुम्ही पाऊल ठेवणार नव्हता ना?"

"पैसे भरलेत," ते म्हणाले. "तीन दिवसांचे. सोडतो की काय?"

मग नणंद आली, तिचे यजमान आले, भाचरं आली, बारक्याची लेक मैत्रिणींना घेऊन आली. फुकटात रविवारी दुपारी येऊन संध्याकाळी पसार होणारी ही मंडळी, पैसे भरल्यावर हलायला तयार होईनात. गाड्या आल्या नव्हत्या, खाली नुसतं रस्ता झाडायचं वाहन फिरत होतं, तर भाऊजी तेही डोळे फाडून बघत होते. "हेही पैशात धरलेलं आहे," ते जाऊबाईंना समजावत होते. चहा पातळ आहे, उशी कडक आहे, कठडा मध्ये येतो, अशा तक्रारी सुरू झाल्या. मी सगळ्यांवर खेकसत होते आणि आनंदाने मला दोन घास जात नव्हते.

रात्री परत कोण जाणार, म्हणून सगळ्यांनी इथेच पथाऱ्या टाकल्या. नणंद माझ्याशेजारी भाजी चिरायला बसली आणि गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. आम्ही इतकं निवांत कधी बोललोच नव्हतो. जाऊबाईंनी ह्यांच्या आठवणी काढल्या. ह्यांच्याविषयी ह्या घरात कोणी इतकं हसून बोललं त्याला किती काळ लोटला होता. रविवारी कोण जिंकलं ते मला विचारू नका, मी स्वयंपाकघरात होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बारक्या आला आणि धपकन खुर्चीत बसला. फी कशीबशी भरून निघाली होती. शर्यत शहरात राहिली होती, पण त्याचं तोंड उतरलेलंच होतं.

"काय झालं आता?" मी चादरींच्या घड्या घालत विचारलं.

"कंपनी पुढच्या वर्षी फी वाढवतेय, ताई. बाल्कनीचं तिकीट वाढवावं लागेल. लोक मला शिव्या घालतील, आणि पहिली तू घालशील."

"वाढव," मी म्हणाले. "पण दिवस चार कर."