लाल लोकरीची गाठ

“हे कुणाला खरं वाटणार नाही,” मी म्हणालो, “पण या नायरीने एकदा साक्षात बिशपला बर्फाच्या लादीवर अर्धा तास नाचवलं होतं. झग्यासकट.”

हॉलमध्ये हशा पिकला. मागून नेव्हिल ओरडला, “झगा होता का रे, डूगल्या? गेल्या वेळी सांगितलंस तेव्हा बिशप चड्डीवर होता!”

“चड्डी झग्याच्या आत होती. तू काय वाकून बघितलंस?”

नेव्हिलने चाळीस वर्षं ग्लेनॉर्कमध्ये टपाल वाटलं. पाकीट न उघडता आतलं पत्र वाचायची विद्या त्याला अवगत आहे, त्यामुळे माझ्या गोष्टींना टाचणी लावायचं काम गावाने त्याच्याकडे सोपवलेलं आहे.

नायरी आमच्या दोघांच्या मधे होती. दोन लाकडी घोड्यांवर पाईनची साधी पेटी, पेटीवर तिची विणलेली टोपी आणि टोपीशेजारी लाल लोकरीचा गुंडा. आमच्याकडे पाद्र्याचं बोलून झालं की ज्याला वाटेल त्याने उठावं आणि गेलेल्या माणसाची एक गोष्ट सांगावी. मग पेटी उचलायची, पुरून यायचं आणि सँडविच खायची. गोष्ट खरीच असली पाहिजे असा काही नियम नाही. म्हणून तर गेली तीस वर्षं गावात कुणी गेलं की मला पुढे ढकलतात.

पण त्या दिवशी मी ढकलल्याशिवाय उठलो होतो. कारण शेवटच्या रांगेत एल्स्पेथ पेट्री येऊन बसली होती. काळा कोट, मांडीवर मोठी कातडी पिशवी, दोन्ही हात पिशवीच्या कडीवर. सात वर्षांत ती नायरीच्या दुकानासमोरच्या फुटपाथवरून चाललेली नव्हती. नायरी दिसली की रस्ता ओलांडायची. आणि ते सगळ्यांना रास्तच वाटायचं, कारण सात वर्षांपूर्वी तिचा मुलगा रोरी डोंगरावरून घसरून मेला, तेव्हा त्याच्या बुटांवर आमच्या दुकानातून नेलेले बर्फाचे काटे होते. नायरीने पोराला चुकीचे काटे दिले, असं गाव म्हणत होतं. आज तिला मातीत घालायच्या आत हे वाक्य पुसायचं, एवढ्यासाठी मी उठलो होतो. कसं पुसायचं तेही ठरवलेलं होतं. माझ्याकडे एकच हत्यार आहे.

“बिशपला पुढच्या दिवशी हिवाळी वाटेने मठापर्यंत जायचं होतं,” मी सांगत होतो. “आला, आणि म्हणाला, बाई, बुटावर चढवायचे काटे द्या. चांगले द्या. नायरी म्हणाली, चांगले काटे असं काही नसतं. आधी वाट सांगा.”

हे मात्र अक्षरशः खरं. एकतीस वर्षं तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारलं. दुकान तिचं नव्हतं, मालक ड्युनेडिन शहरात बसायचा. पण पुढे गल्ल्यावर नायरी आणि मागे कानशी-पक्कड घेऊन मी, एवढंच दुकान. गावातल्या गोठलेल्या फुटपाथवर दूध आणायला जायचं असेल तर ती तारेच्या वेटोळ्यांचे द्यायची. झाडीतल्या वाटेवर चालायचं, पळायचं असेल तर रबराला साखळ्या आणि साखळ्यांना बोटाच्या पेराएवढे काटे. आणि उघड्या उतारावर जायचं असेल तर काट्यांचं नाव काढायचं नाही. तिथे सुळे. बारा लांब लोखंडी सुळे, कडक तळव्याचा बूट आणि हातात बर्फाची कुऱ्हाड. मऊ बुटावर सुळे बसत नाहीत. एखादा पळणारा गडी मऊ बूट घालून आला आणि वर जायचं म्हणाला, की ती म्हणायची, “बूट बदल, नाहीतर वाट बदल. मधलं काही माझ्याकडे मिळत नाही.”

मग ती मासेवाल्याकडून आणलेली बर्फाची लादी मागच्या अंगणात टाकायची आणि गिऱ्हाइकाला डोळे मिटून काटे चढवायला लावायची. तीन वेळा. वर वारा सुटला, बोटं बधिर झाली की डोळ्यांचा उपयोग नाही, असं तिचं म्हणणं. टाचेमागे रबराची एक शेपटी असते, ती ओढून काटे चढतात. हातमोज्यातल्या बोटांना ती शेपटी सापडावी म्हणून नायरी दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडीच्या शेपटीला लाल लोकरीचा तुकडा बांधायची. आधी वाट, मग लादी, मग लोकर. लोकर बांधल्याशिवाय तिने एक जोडी सोडली नाही.

हे मी हॉलमध्ये सांगितलं. सांगताना अर्थातच थोडी फोडणी घातली.

“आणि गाठ अशी मारायची,” मी म्हणालो, “की सुरीशिवाय सुटायची नाही. एक जोडी नदीत वाहून गेली होती. दोन हिवाळ्यांनी मला सापडली. साखळी गंजून भुगा झालेली, काटे झिजून गेलेले, रबर माशांनी खाल्लेलं. पण लोकर? लालभडक! वर एक मासा लोंबकळत होता.”

“केवढा?” नेव्हिल.

“आता चर्चची माणसं बसलीत म्हणून हातभरच सांगतो.”

माणसं हसली. दोन-चार जणींनी डोळे पुसले. गुंड्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, “माझ्या जोडीला अजून आहे हो तिची लोकर.” “माझ्याही,” दुसरं कुणी म्हणालं. मला बरं वाटलं. एल्स्पेथ हसली नव्हती, पण ऐकत होती. मान थोडी पुढे काढून ऐकत होती.

आता मूळ मुद्द्याला हात घालायचा होता.

खरं काय घडलं ते आधी इथे लिहून टाकतो, कारण हॉलमध्ये मी ते सांगितलं नाही. त्या गुरुवारी नायरी दुकानात नव्हतीच. छातीत कळ येत होती, ती तिने गावापासून लपवलेली. म्हणून मी तिला पहाटे गावाबाहेरच्या थांब्यावर सोडलं आणि ती बसने ड्युनेडिनला छातीचा फोटो काढून घ्यायला गेली. दहाच्या सुमाराला रोरी पेट्री आला. सव्वीस वर्षांचा, मेंढ्यांची लोकर कापायचा आणि उरलेल्या वेळात डोंगरावर पळायचा. पायात जाळीचे मऊ बूट.

“डूगल काका, हलकेसे काटे दे. खिंडीपर्यंत जाऊन येतो.”

खिंडीची शेवटची चढण दक्षिणेकडच्या उतारावरून जाते. आमच्या दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला, त्यामुळे तिथे अख्खा हिवाळा ऊन पोचत नाही आणि बर्फाची काच होते. हे मला माहीत होतं. माझ्या एका हातात मटणाचा पाय होता, म्हणजे मैद्याच्या पारीतला, आमच्याकडे मिळतो तो. आणि रेडिओवर घोड्यांची शर्यत चालू होती. मी मागे न वळता खुंटीवरची साखळीची जोडी काढून दिली.

“हे चालतील ना वरती?”

“अरे, हे घालून माझी आजी शिखरावर गेली होती,” मी म्हणालो. “कडेवर बकरं घेऊन.”

तो खो खो हसला. ते हसणं माझ्या कानात आहे. वाट विचारली नाही, लादी काढली नाही, लोकरीचा गुंडा गल्ल्याच्या खालीच राहिला. पेराएवढे काटे काचेत रुतत नाहीत. तो तीनशे मीटर खाली गेला.

नायरी संध्याकाळी परतली तोवर हेलिकॉप्टर येऊन गेलं होतं. तिने रिकामी खुंटी बघितली.

“बूट मऊ होते?”

“हो.”

“वाट विचारलीस?”

“नाही,” मी फोडणी न घालता म्हणालो. आयुष्यात तेव्हा एकदाच.

पोलीस आला तेव्हा तिने मला मागे पिटाळलं. भिंतीआडून मला तिचं बोलणं ऐकू आलं. “गल्ला माझा आहे. इथून जे जातं ते माझ्या हातून जातं.” एवढंच. पोलिसाने तेच लिहून घेतलं. त्यानंतर लोक काटे घ्यायला चाळीस किलोमीटरवरच्या गावाला जायला लागले. ती रोज आठला दार उघडायची, साखळ्या पुसायची आणि पाचला बंद करायची. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. एकदाच, दुसऱ्या सकाळी, लोकरीचा गुंडा माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, “शिकून घे ही गाठ, म्हाताऱ्या.” मी शिकलो. सात वर्षं रोज मनात म्हणायचो, उद्या पेट्रीच्या घरी जाऊन सांगतो. तो उद्या नायरी जायच्या आधी काही उजाडला नाही.

तर हॉलमध्ये मी घसा साफ केला.

“आता रोरीची गोष्ट,” मी म्हणालो. पाद्र्याने माझ्याकडे डोळे वटारले. “नाही, सांगणार. आज नाही तर कधी? नायरीने पोराला चुकीचे काटे दिले म्हणता ना? खोटं आहे. मी तिथे होतो. तिने वाट विचारली. तो म्हणाला, खिंड. ती म्हणाली, मग काट्यांनी भागायचं नाही, बेटा. तिने त्याला कडक बूट दिले, बारा सुळ्यांची जोडी दिली, कुऱ्हाड दिली. काटे दिले ते फक्त खालच्या झाडीतल्या वाटेपुरते.”

“मग सुळे गेले कुठे?” नेव्हिलने विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा थट्टेचा नव्हता.

“किआंनी पळवले.”

डोंगरातले हे पोपट काय काय पळवतात ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. गाड्यांची रबरं, पाकिटं, एकदा एका बाईची कवळी. त्यामुळे कुणी लगेच हसलं नाही. मला जोर चढला.

“रोरी वरच्या झोपडीशी चहाला थांबला. बूट आणि सुळे बाहेर काढून ठेवले. चार किआ आले. एक पहाऱ्याला बसला, दोघांनी एकेका पायाचे सुळे उचलले...”

“आणि चौथा?”

“चौथा बुटाची नाडी सोडत होता. कुऱ्हाड सगळ्यांनी मिळून नेली. पोराकडे उरले मऊ बूट आणि काटे. उलट फिरायचं तर ते पेट्रींच्या रक्तात नाही.”

दोन-तीन जण हसले. एका म्हाताऱ्याने मान डोलावली. मी बघत होतो, माणसांना ते हवं होतं. सात वर्षं ज्या बाईला टाळलं तिची पेटी उचलायची होती त्यांना. एखादा पक्षी मधे आला तर खांदे हलके होणार होते. माझाही.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“त्या काट्यांना तिने लोकर बांधली होती का?”

एल्स्पेथ उभी राहिली होती.

मला तिथे थांबता आलं असतं. पण उतारावर धावत सुटलेल्या माणसाला कुठे थांबता येतं?

“बांधली म्हणजे काय!” मी म्हणालो. “माझ्या डोळ्यांदेखत. दोन्ही शेपट्यांना. लालभडक.”

“आणि ती सुटत नाही.”

“सुरीशिवाय नाही.”

ती रांगेतून बाहेर आली. तिचे बूट लाकडी जमिनीवर वाजत होते. पेटीपाशी येऊन तिने पिशवी उघडली आणि एका जुन्या टॉवेलमधून एक जोडी काढली. साखळी अजून चकचकीत होती. कुणीतरी तिला तेल लावत आलं होतं.

“पोलिसांनी त्याच्या बुटांवरून काढून दिले होते,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी हे आज हिच्या पेटीवर ठेवणार होते. म्हटलं, घेऊन जा तुझे तू.”

तिने एक शेपटी अंगठ्याने चाचपली. मग दुसरी. काळं, कोरं रबर. मग टोपीशेजारच्या गुंड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

“सात वर्षं मी या बाईला बघून रस्ता ओलांडला,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “किआ नव्हते, डूगल. त्या दिवशी गल्ल्यावर तू होतास.”