भट्टीचं वय

ऑफरचं पत्र गुरुवारी दुपारी चार वाजता जाणार होतं. चौऱ्याऐंशी कोटींना बाटल्यांचा एक कारखाना विकत घ्यायचा होता. आकडा तिने काढला होता, आणि सोमवारी संचालक मंडळाने एकही भुवई न उंचावता तो मंजूर केला होता. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत ती वित्त विभागाची उपप्रमुख. मार्चमध्ये विभागप्रमुख साहेब निवृत्त होणार, आणि हा व्यवहार नीट पार पडला तर त्यांची खुर्ची तिला, असं ठरल्यासारखं होतं. कागदावर कुठे नव्हतं, पण कॅन्टीनमध्ये होतं.

छत्तिसाव्या वर्षी तिने हिशेबखात्यातून दोन वर्षांची बिनपगारी रजा काढून बिझनेस स्कूलला प्रवेश घेतला होता. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. नवरा दातांचा डॉक्टर. त्याने दवाखान्याची संध्याकाळची वेळ बंद केली, वेणी घालायला शिकला, आणि दोन वर्षं मुलीच्या केसांचा भांग डावीकडेच झुकत राहिला. ती शनिवारी घरी यायची, रविवारी परत जायची. स्कूलमध्ये आठवड्याला सहा केस असत. एखाद्या कंपनीची वीस पानं हातात द्यायचे आणि तासाभरात निर्णय मागायचे. नियम एकच होता, लागेल ते सगळं या वीस पानांत आहे, बाहेर शोधायला जायचं नाही. पहिल्या सहामाहीत तिला रडू यायचं. शेवटच्या सहामाहीत ती वीस पानं चाळीस मिनिटांत संपवून इतरांच्या चुका काढत असे. परत आल्यावर याच वेगाने तिला चार वर्षांत दोन बढत्या मिळाल्या. जुनी माणसं ज्याला आठवडा लावत, ते काम ती जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची.

कारखाना प्रत्यक्ष बघून येणं हे साहेबांनी गळ्यात मारलेलं काम. "पत्र जायच्या आधी एकदा पाय लावून या," ते म्हणाले होते. "भट्टीमास्तरांना सोबत न्या. बोला म्हणून सांगावं लागणार नाही, ते बोलतातच."

भट्टीमास्तर कंपनीच्या स्वतःच्या भट्टीवर तीस वर्षं काम केलेले. गुरुवारी सकाळी साडेनऊला दोघं त्या कारखान्यात पोचले. तिथल्या मॅनेजरने आधी गोदाम दाखवलं, मग नवी पॅकिंग मशीन, मग चहा. मास्तरांनी चहा उभ्यानेच घेतला आणि सरळ भट्टीकडे चालू लागले. भट्टीत बघायची निळी काच डोळ्याला लावून त्यांनी आत पाहिलं, भट्टीला एक फेरी मारली आणि एका कोपऱ्याशी थांबले. तिथे पत्र्याचे पाच पाइप भट्टीच्या भिंतीकडे तोंड करून बसवले होते. त्यातून वारा घोंघावत होता.

"हिचं वय काय?" मास्तरांनी विचारलं.

"बारा वर्षं," मॅनेजर म्हणाला. "अजून दोन वर्षं आरामात."

"आराम कुणाला? तुम्हाला की हिला?"

मॅनेजर हसला. त्याला फोन आला तसं मास्तरांनी तिला जवळ बोलावलं. उष्णतेने तिच्या कपाळाची कातडी ताणल्यासारखी झाली.

"मॅडम, धडधाकट भिंतीला कुणी वारा घालत बसत नाही. विटा आतून झिजल्यात. बाहेरून गार ठेवून दिवस ढकलतायत."

"किती दिवस?"

"वर्ष. लाड केले तर सव्वा वर्ष. मग विझवायची, सगळ्या विटा काढायच्या, नवी बांधायची. तीन महिने एक बाटली निघणार नाही."

"आणि खर्च?"

"आपली बांधली तेव्हा सतरा कोटी गेले. आता वीस धरा."

"पण कागदांत हे कुठेच नाही, मास्तर."

"कागदाला काय, त्याला थोडंच उकडतं?"

परतीच्या वाटेवर मास्तर पुढच्या सीटवर डुलकी काढू लागले. तिने मागे लॅपटॉप उघडला. तिच्या मॉडेलमध्ये, म्हणजे किंमत काढायच्या हिशेबात, एका ओळीत लिहिलं होतं, दुरुस्ती आणि नव्या यंत्रांवरचा खर्च दरवर्षी घसाऱ्याइतका. यंत्र जुनं होतं तशी त्याची पुस्तकातली किंमत दरवर्षी जेवढी उतरते, तो घसारा. स्कूलमध्ये ही ओळ सगळेच अशी लिहीत. सोपी होती, बहुतेक वेळा चालूनही जायची. पण या भट्टीची पुस्तकातली किंमत केव्हाच शून्यावर आली होती. म्हणून घसारा थोडा, म्हणून तिने धरलेला खर्च थोडा, म्हणून नफा गुटगुटीत. भट्टी जेवढी मरणाच्या दारात, तेवढी तिच्या मॉडेलमध्ये स्वस्त.

गप्प राहणं शक्य होतं. आकडा मंजूर होता. मास्तर काय बोलले ते फक्त दोघांनाच माहीत होतं. भट्टी बसेपर्यंत ती त्या खुर्चीत असती, आणि भट्ट्या कधी ना कधी बसतातच. हा विचार पहिल्या टोलनाक्यापर्यंत टिकला. तिथे गाडी थांबली तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावला.

"पटकन बोल. एक जबडा सुन्न व्हायची वाट बघतोय."

"माझं चुकलंय. वीस-बावीस कोटींनी."

"पत्र गेलं?"

"चारला जायचंय."

"मग मला काय सांगतेस? साहेबांना सांग."

"ते म्हणतील, दोन वर्षं शिकून हेच दिवे लावले का."

"म्हणू देत. तोंड उघडून न बघता तू रूट कॅनालची किंमत सांगितलीस. माझ्या दवाखान्यात असं केलं असतंस तर तुला रिसेप्शनलासुद्धा बसवलं नसतं."

"धीर देतोयस की मीठ चोळतोयस?"

"आकडा बदल गं आधी. ठेवतो."

नव्या भट्टीचा खर्च तिने दुसऱ्या वर्षात घातला, तीन महिन्यांची विक्री काढून टाकली आणि पुढची प्रत्येक ओळ पुन्हा तपासली. पस्तीस मिनिटं लागली. उत्तर आलं, बासष्ट.

एक वीसला ती साहेबांच्या खोलीत उभी होती. साहेब कारकुनापासून चढत आलेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही ओळ मी दोनदा वाचली होती," ते म्हणाले. "इतकी नीटनेटकी की शंकाच येऊ नये. बाईंशी मी बोलू का तुम्ही?"

"मीच बोलते."

बाई म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"सोमवारी चौऱ्याऐंशी, गुरुवारी बासष्ट. शनिवारपर्यंत थांबले तर फुकट मिळेल का?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"झालं काय नेमकं?"

"मी भट्टीचं वय विचारलं नाही. कागदांत नव्हतं, आणि कागदांबाहेर बघायला मी गेले नाही."

"पत्र कुठाय?"

"माझ्या टेबलावर."

"मग तोंड एवढंसं कशाला केलंय? अजून काही बिघडलेलं नाही." बाईंनी कागद परत सरकवला. "मंडळाच्या लोकांना मी आत्ता फोन करते. बासष्ट टाका. आणि मार्चच्या खुर्चीबद्दल कॅन्टीनमध्ये काय ठरलंय ते मला माहितीये. माझंही तेच आहे. फक्त पुढच्या वेळी आधी भट्टी, मग आकडा."

बाहेर आल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली. सोबत आलेले साहेब शेजारी उभे राहिले.

"ती ओळ तुमच्या त्या स्कूलचीच ना?"

"हो."

"आणि पस्तीस मिनिटांत सगळं उलटं करून मांडलंत तेही तिथलंच?"

"हो."

"मग फी वसूल," साहेब म्हणाले, आणि मग मात्र तिला इतकं हसू आलं की खालच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून वर पाहिलं.

पत्र चारला दहा मिनिटं असताना गेलं. सहाला ती घरी पोचली, ऊन अजून खिडकीत होतं. मुलगी, आता बारा वर्षांची, टेबलावर भूगोलाचे नकाशे रंगवत होती. तिने सगळी हकिकत ऐकून घेतली.

"म्हणजे तू नापास झालीस?"

"नाही गं. पेपर द्यायच्या आधी चूक सापडली."

"मग ते धरत नाहीत," मुलीने निकाल दिला आणि समुद्र रंगवायला घेतला.

ती दोनदा वाढून घेऊन जेवली. कित्येक आठवड्यांनी जेवताना तिने फोन बघितला नाही.

विकणाऱ्यांचं उत्तर शुक्रवारी अकराला आलं, सहासष्ट. बारा वाजता चौसष्टवर ठरलं. बासष्टच का, असं त्यांच्याकडून कुणीही विचारलं नाही.