'सेलिना'च्या नाळेवरची बाई

सिरिल पोलार्डने हात वर केला नाही, तेव्हाच थर्झाला शंका यायला हवी होती.

बिडफर्डच्या लिलावात जुन्या शिडाच्या जहाजाचं छापील चित्र आलं आणि सिरिलचा हात वर गेला नाही, असं कधी झालं नव्हतं. शाळेपासून तो तसाच. थर्झाला जे हवं, ते त्याला आधी हवं. पण त्या दिवशी 'सेलिना'चं चित्र पुकारलं गेलं आणि हा बाबा आपल्या टोपीचं अस्तर न्याहाळत बसला. एक्सिटरच्या एका व्यापाऱ्याने थोडी बोली वाढवली, मग खांदे उडवले. हातोडा पडला. हिवाळ्याच्या कोळशासाठी ठेवलेले पैसे गेले. घोंगडीत गुंडाळलेलं चित्र मांडीवर घेऊन थर्झा ब्राउंड आपल्या गावाच्या, ॲपलडोरच्या, बसमध्ये बसली, तेव्हा तिला चक्क सिरिलबद्दल माया वाटत होती. म्हातारपणी माणूस सुधारतो म्हणायचा!

हे चित्र तिला का हवं होतं ते सिरिलला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, कारण तिने सांगायचं कुणाला बाकी ठेवलं नव्हतं. 'सेलिना' तिथल्याच धक्क्यावर बांधली. नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, लाकडी पुतळी थर्झाच्या पणजोबांनी कोरली. जहाजमालकाने बजावलं होतं, जहाजाला नाव माझ्या बायकोचं आहे, चेहराही तिचाच हवा. पणजोबांनी दिला आपल्या बायकोचा. टॅम्सिनचा. वाऱ्यात डाव्या हाताने डोक्यावरची टोपी धरून ती धक्क्यावर उभी राहायची, अगदी तशीच. जहाज पाण्यात सोडलं त्या दिवशी मालकीणबाई केकला न शिवता घरी गेल्या म्हणे.

वर्षभरात टॅम्सिन बाळंतपणात गेली. तिचं चित्र नाही, काही नाही. मागे राहिलेली मुलगी म्हणजे थर्झाची आजी. ती पाच वर्षांची असताना 'सेलिना' कॅनडाहून लाकूड घेऊन परत आली. बापाने पोरीला होडीत घालून नाळेखाली नेलं, दोन्ही हातांनी उचलून वर धरलं आणि म्हणाला, "हात लाव. ही तुझी आई." पुढच्या खेपेला 'सेलिना' बर्फात बुडाली.

आजी हे सांगायची तेव्हा हात पुढे करून बोटं हलवायची, जणू ते ओलं लाकूड अजून बोटांखालीच आहे. थर्झा चुलीजवळच्या बाकावर पाय हलवत ऐकायची. त्या काळी ॲपलडोरच्या प्रत्येक घराला डांबराचा आणि भुशाचा वास असायचा. माणसं जेवताना डोलकाठ्यांबद्दल भांडायची. आता धक्क्यावर आइस्क्रीम विकतात.

घरी पोचल्यावर थर्झाने टेबल पुसलं, पडदा सारला, चित्र उजेडात ठेवलं. खाली ठळक अक्षरांत 'सेलिना, ॲपलडोर'. फुगलेली शिडं, वर एक सीगल, बाजूला होडीत दोन माणसं. तिने भिंग घेतलं. मुद्दाम मागून सुरुवात केली, सुकाणूपासून. सणाच्या दिवशी गोड शेवटी खातात, तशी ती हळूहळू नाळेपाशी आली.

नाळेवर एक बाप्या होता. उघडा, छातीपर्यंत दाढी, हातात त्रिशूळ.

तिने भिंग पुसलं. दाढी गेली नाही.

अंगात कोट न घालताच ती चढण चढून सिरिलच्या दारात उभी राहिली.

"ये. चहा टाकलाय," सिरिल म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो."

"तुला माहीत होतं!"

"काय?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. नाळेवर दाढी आहे, सिरिल. माझी पणजी दाढी ठेवत नव्हती."

सिरिलने जिन्याजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे 'नेपच्यून, ब्रिस्टल' टांगलेलं होतं. थर्झाने ते शंभरदा पाहिलं होतं, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं. तेच ढग. तोच सीगल. तीच होडी, आणि होडीत तोच मूर्ख, जो अशा लाटांत उभा राहून टोपी हलवत होता.

"छापायचा तांब्याचा पत्रा एकच," सिरिल म्हणाला. "लंडनच्या खोदकाराने नेपच्यूनचं नाव घासून काढलं, तांबं मागून ठोकून सपाट केलं आणि वर सेलिना कोरलं. मालकाला स्वस्तात चित्र हवं असणार. नाळेवरचा समुद्रदेव नेपच्यून तसाच राहिला. नाळेकडे बघतंय कोण?"

"आणि तू गप्प बसलास."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? म्हणाली असतीस, सिरिलला स्वतःला लाटायचंय."

ती तसंच म्हणाली असती. पूर्वी एका चित्राच्या कडा कापलेल्या आहेत, त्याला किंमत नाही, अशी थाप मारून त्याने तिला मागे हटवलं होतं, आणि ते चित्र रुंद कोऱ्या कडांसकट स्वतः घरी नेलं होतं.

"तसं मी एकदाच केलं," तो म्हणाला.

"एकदाच पुरतं."

"पण लिलावाच्या आदल्या दिवशी सगळं बघायला मांडून ठेवलं होतं, तेव्हा तुझे डोळे कुठे होते? किटल्यांची झाकणं उघडून बघत होतीस. मला वाटलं, हिला किटलीच हवीय."

"तुला तसं वाटावं म्हणूनच बघत होते, गाढवा!"

हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. जे हवं त्याच्याकडे आदल्या दिवशी ढुंकूनही बघायचं नाही, नाहीतर बोली चढते. हे लिलावातलं शहाणपण तिने जन्मभर पाळलं होतं. चित्र हातभर अंतरावर होतं, भिंग पिशवीत होतं, आणि ती किटलीच्या तोटीत डोकावत होती.

चहा न पिताच ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिरिल बन्स घेऊन आला. थर्झा टेबलाशी बसली होती, पुढ्यात नातीचा रंगांचा डबा. चित्राची काच काढलेली होती.

"थर्झा! छापलेल्या चित्रावर रंग लावलास?" त्याने बन्स खुर्चीवर टाकले. "अगं, मातीमोल झालं ना ते!"

"खोदकाराने खोटं बोललेलं चालतं, मी खरं काढलं की मातीमोल?"

त्याने भिंग लावलं. दाढीच्या जागी निळा ठिपका होता, त्याच्यावर पिवळा.

"हिच्या डोक्यावर सलगम का आहे?"

"टोपी आहे ती. बाजरीच्या दाण्याएवढ्या जागेत तू काढून दाखव."

सिरिलने भिंग मागेपुढे केलं. "टोपी कोणत्या हाताने धरायची ती?"

"डाव्या. किती वेळा सांगायचं?"

"जहाज उजवीकडे निघालंय. म्हणजे आपल्याला त्याची उजवी बाजू दिसते. डावा हात पलीकडे गेला."

थर्झाने ब्रश ठेवला. म्हणजे खोदकार प्रामाणिक असता, मालक दिलदार असता, तरी तो हात तिला दिसला नसता. चेहराही बाजरीचा दाणाच. उभा जन्म ती एका ठिपक्यामागे धावली होती.

"हे तू काल सांगायचंस," ती म्हणाली.

"काल तू चहा प्यायला थांबली नाहीस."

खिडकीबाहेर भरतीचं पाणी चढत होतं. सिरिलने खुर्ची ओढली आणि भिंग तिच्यासमोर नीट धरलं. "पाऊल काढ," तो म्हणाला. "तुझ्या आजीने पावलालाच हात लावला असणार. होडीतून आणखी वर पोचतंय कोण? उजवं पाऊल तरी या बाजूला आहे."

"माझा हात थरथरतो."

"माझं भिंगही थरथरतंय. एका तालात थरथरू."

तिने ब्रश पाण्यात बुडवला, आणि निळ्या झग्याच्या खाली एक तपकिरी ठिपका ठेवला. तो फुटून लाटेत पसरला. पाऊल काही झालं नाही.

"पुसू नकोस," सिरिल म्हणाला.

"पुसत नाहीये," थर्झा चिडून म्हणाली, आणि त्या ओल्या ठिपक्यावर हलकेच बोट टेकवलं.