रात्री साडेनऊचं ऊन

मी फाईल बोलतेय. दोरीने बांधलेली, कपाटावर धूळ खात पडलेली कचेरीतली फाईल नव्हे, कॉम्प्युटरातली. हवामानाच्या उपग्रहाने वरून आपल्या भागाचा फोटो काढला, तो म्हणजे मी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या भूगोल विभागात, खिडकीशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरात माझा मुक्काम. आज तोंड उघडलं, कारण माणसांच्या कारभाराचा मला वीट आलाय.

माझा जन्म गेल्या वर्षीच्या चैत्र पौर्णिमेचा, दुपारी चारचा. जन्मतःच नाव मिळालं: उपग्रहाचा नंबर, तारीख आणि वेळ. आता उपग्रहाचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपल्या साडेपाच तास मागे. म्हणून आपल्याकडे चार वाजले होते, तरी माझ्या नावात सकाळचे साडेदहा होते. यात चूक काहीच नाही. माझ्या सगळ्या बहिणींची नावं अशीच असतात. दर अर्ध्या तासाला एक जन्मते, आणि नावावाचून आम्हाला कोण ओळखणार?

पण माणसाचा हात गप्प बसेल तर शपथ.

आधी आला आदर्श. विभागात सहायक म्हणून नवीनच लागलेला. "मॅडम, ह्या वेळा आपल्या न्हाईत. भारतीय वेळेत करून टाकू?" म्हणाला. स्नेहल मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, पेपर तपासत होत्या. मान वर न करता "करा" म्हणाल्या. त्याने सगळ्यांच्या नावांत साडेपाच तास मिळवले आणि मी दुपारी चारची झाले. बरं, ते एक वेळ खरं होतं. पण आपण काय केलं ते कुठं लिहून ठेवावं की नाही? नाव नको. दुसरीकडे नोकरी लागली, पेढे वाटले आणि गडी गेला.

मग आली तेजस्वी. हुशार पोरगी, कामाला वाघ. उपग्रहाच्या फाईलीवर जागतिक वेळ असते, एवढं तिला पक्कं ठाऊक. झालं. तिनेही साडेपाच तास मिळवले. मी जीव तोडून सांगत होते, अगं बाई, हे आधीच झालंय, एकदा उघडून तरी बघ. पण फाईलीचं नाव बदलायला ती उघडावी लागत नाही, हेच तर आमचं दुखणं आहे. अशी मी रात्री साडेनऊची झाले. दुपारी चारच्या जागेवर आपल्याकडच्या सकाळी साडेदहाला जन्मलेली माझी बहीण जाऊन बसली. विभागाच्या यादीतही तसंच चढलं, आणि तेजस्वीला शाबासकी मिळाली.

तरी वर्षभर कुणाचं अडलं नाही. मग मेहक आली.

मेहक गडमुडशिंगीची, एम.एस्सी. करते. तिचे अब्बा मीरासाब पत्र्याची शेड उभी करायचं काम करतात. मॅडमना ती सगळं सांगत होती, तेव्हा मीही ऐकलं. गेल्या वर्षी मीरासाबनी आण्णांच्या मळ्यातल्या गोठ्यावर पत्रे घातले. आण्णा म्हणजे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. मग चैत्र यात्रा आली. आण्णांचं घर आणि आजूबाजूचे सगळे मळेकरी जोतिबाला गेले. वैरणपाणी ठेवून गाभण म्हैस तेवढी मागे. दुसऱ्या दिवशी गुलालात माखून माणसं परत आली, तर पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडलेले आणि एका पत्र्याखाली म्हैस मेलेली.

गावात राहिलेले म्हणाले, त्या दुपारी पान हललं नव्हतं. वळीव असाच असतो. एका मळ्यावर थैमान घालतो आणि पलीकडे धूळही उडत नाही. पण मळ्यात बघायला कुणी नव्हतं. "वारं न्हाई तर पत्रं उडलं कसं? मीरासाबनं नट ढिलं सोडलं," असं आण्णा बोलून गेले आणि गावाने ते उचललं. मीरासाबना काम मिळेना. त्याहून जास्त धसका त्यांनी दोस्त बोलेनासा झाला याचा घेतला.

त्या दिवसाचा वळीव फोटोत सापडेल म्हणून मेहकने मॅडमची परवानगी काढली आणि एका शनिवारी दोघांनाही विभागात घेऊन आली. वळीव येतो तो बहुधा दुपारचाच, म्हणून मॅडमनी यादीत चैत्र पौर्णिमा, दुपारी चार बघितलं आणि फाईल उघडली. कुठली? माझी सकाळची बहीण. तिच्यात काय दिसणार, आभाळ धुतल्यासारखं लख्ख. पुढच्या-मागच्याही तशाच.

"बघ की मीरासाब," आण्णा म्हणाले, "सॅटेलाईट खोटं बोलतंय व्हय?"

मीरासाबनी पोरीकडे बघितलं. "माझं नट ढिलं नव्हतं, बेटा."

मेहकची मान खाली. "अब्बा, फोटो तर हाच सांगतोय. घाईत राहिला असंल एखादा."

मी त्याच यादीत थोडी खाली होते हो. तो ढग माझ्या पोटात होता. पण नाव रात्री साडेनऊचं, दुपार शोधणारा मला कशाला उघडेल? एवढी चरफडले मी, पण फाईलीची चरफड कुणाला ऐकू जाते.

मीरासाब उठले. "मग माझीच चूक, आण्णा. म्हशीचं पाप माझ्या माथी," म्हणाले आणि जिना उतरून गेले. आण्णांचंही तोंड एवढंसं झालं होतं.

पुढे मॅडमनी मेहकला नवं काम दिलं, प्रत्येक फाईलीपुढे ढग किती ते लिहायचं. म्हणजे एकदाचं उघडणं आलं. ती एकेक करत माझ्यापर्यंत पोचली आणि थांबली. मी साध्या उजेडात काढलेला फोटो, रात्रीचा असता तर काळाकुट्ट आला असता. माझ्यात मात्र ऊन पडलेलं होतं. गडमुडशिंगीच्या बाजूला एकच उंच पांढरा ढग आणि पूर्वेला त्याची सावली.

"मॅडम," ती म्हणाली, "रात्री साडेनऊला ऊन कसं?"

मॅडमनी मूळ नोंदी काढून ताळा केला. "दोनदा सरकवलंय गं," म्हणाल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. दोन शहाण्यांनी मिळून एका माणसाचं वाटोळं केलं, आणि दोघांचीही नियत चांगली. राग तरी कुणावर काढायचा?

माझी एक प्रत मोबाईलवर घेऊन मेहक तडक आण्णांच्या मळ्यात गेली. आण्णांनी ढगावर बोट ठेवलं. "ह्यो आपल्या मळ्यावर हाय?"

"व्हय आण्णा. यात्रेदिवशी, दुपारी."

आण्णा तसेच उठले. चपला घातल्या आणि तिच्याबरोबर मीरासाबच्या दारात येऊन उभे राहिले. "चुकलं माझं. गोठा अजून उघडाच हाय. पत्रं तूच घालायचंस."

"घालतो की," मीरासाब म्हणाले. संपलं भांडण. आतून रोशनबींनी, म्हणजे मेहकच्या आईने, चहा आणला.

आण्णा गेल्यावर मेहकने मोबाईल पुढे केला. "अब्बा, बघा तरी."

त्यांनी बघितलं नाही. "आण्णाला दावायचा हुता, दावलास. त्यो फोटो मागंल, मागू दे. तू लहानपणापासनं माझं काम बघतीस. तुला तरी फोटो लागाय नको हुता."

मेहकने मोबाईल बंद करून पर्समध्ये ठेवला.

आता कॉम्प्युटरात माझं नाव पुन्हा दुपारी चारचं झालंय. कुणी काय बदललं, ते मेहकने शेजारी लिहून ठेवलंय. पुढे जो कोणी सहायक येईल त्याला हात जोडून सांगते, बाबा रे, माझ्या नावाला हात लावण्याआधी मला उघड. तेवढाही वेळ नसेल तर निदान गप्प बस.

काल मेहक गोठ्यावर गेली, मोबाईलमधली मीही तिच्या पर्समध्ये होते. मीरासाब वर पत्र्यावर काम करत होते.

"अब्बा, नट बघू का?" तिने खालून विचारलं.

"काय गरज न्हाई. आवळल्यात मी."

"बरं," ती म्हणाली आणि खाली शिडी धरून उभी राहिली.