उस्तादाच्या पायाखालचा ब्रेक

मालोजी उतेकरांच्या, म्हणजे नानांच्या, जिभेला हाड नाही, हे पोलादपुरात शेंबडं पोरही सांगेल. उभा जन्म एसटीची गाडी घाटातून वरखाली करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून महाडच्या सुहासशेठच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाना उस्ताद म्हणून लागले. जड गाडी शिकायला येणाऱ्या पोरांची तिथं खैर नसे. पोरगं स्टिअरिंगवर बसलं रे बसलं, की नानांचा पट्टा सुरू. "क्लच हाय तो, पायपुसणं नाय!" "तुझ्या बापानं बैल तरी दिला व्हता का रं तुझ्या हातात?" पोरं रडकुंडीला येत, घामाघूम होत, पण शिकत. नानांच्या हाताखालून गेलेलं पोरगं चढावर अडकत नाही असं स्टँडवर बोललं जाई, आणि ते ऐकायला नाना मुद्दाम स्टँडवर जात. खोटं कशाला बोला?

मग सरकारची योजना आली. बायकांनी, वाड्यावस्त्यांवरच्या मुलींनी बस चालवायला शिकावं म्हणून शिक्षणाचा सगळा खर्च सरकार देणार होतं, वर विद्यावेतन आणि गणवेशही. सुहासशेठ असल्या कामात हुशार. त्यानं अनुदान मंजूर करून घेतलं आणि एक जुनी बस आणून तिच्यात डाव्या बाजूला उस्तादासाठी वेगळी सीट अन् वेगळे क्लच-ब्रेक बसवले. उस्तादानं आपला ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही आत जायचा, अशी ती जोडणी होती. पोरांच्या बॅचमध्ये मग एक मुलगी आली. आम्रपाली हाटे, दासगावच्या बौद्धवाडीतली. एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटावर खोकी भरायची, ते काम सोडून आली होती. आई नको म्हणत असताना आली होती.

पहिल्याच दिवशी नानांनी ठरवून टाकलं की हिला ओरडायचं नाही. परक्याची लेक, त्यात एकटी, चार पोरांत बसायची. आपल्या तोंडातनं भलतंसलतं काही गेलं तर चांगलं दिसणार नाही. आणि मनातली दुसरी गोष्ट ही, की सरकार म्हणतंय म्हणून शिकवायचं, बाकी ही काय घाट चढवणार आहे? हे ते कुणाला बोलले नाहीत. स्वतःला तरी धड कुठं बोलले? पण पायाला ते कळलं होतं.

राहुल नावाचा पोलादपूरचाच एक मुलगा बॅचमध्ये होता. तो चढावर गाडी उचलायला लागला की नाना पाय मागे घेऊन बसत. गाडी घरंगळली, बंद पडली, मागच्या पोरांची डोकी बारवर आपटली, तरी ब्रेकला हात म्हणून लावत नसत, पाय तर दूरच. नुसतं तोंड चाले. आम्रपाली बसली की मात्र तोंड बंद आणि पाय ब्रेकवर. चढावर ती क्लच सोडायला लागली की नाना आपल्या बाजूनं ब्रेक धरून ठेवत, क्लचही हळूच सांभाळत आणि गाडीनं दम धरला की अलगद सोडत. गाडी केसभरही मागे न जाता वर निघायची.

"अगदी झ्याक, पोरी," नाना म्हणायचे.

तिचा चेहरा फुलायचा. मागं बसलेली पोरं एकमेकांकडे बघायची. आपण दोन दोन महिने शिव्या खातोय आणि हिला बघा.

एकदा तिनं विचारलं होतं, "नाना, ब्रेक माझा पाय पडायच्या आधीच आत जातो हो. असं का?"

"जुनी गाडी हाय गो. खोड हाय तिची. तू चालव."

तिनं मान डोलावली. उस्ताद सांगतोय म्हटल्यावर गाडीचीच खोड असणार.

परीक्षेला योजनेच्या मॅडम आल्या, सोबत गाडी तपासणारे साहेब आले. परीक्षा साध्या बसवर होती, कारण रस्त्यावर कुठल्या गाडीला दुसरा ब्रेक असतो? हे नानांना आधीपासून माहीत होतं. माहीत असूनही, तेव्हाचं तेव्हा बघू म्हणून ते बसले होते. महाबळेश्वरच्या रस्त्याला, कापडे गावाच्या पुढं जिथं चढ सुरू होतो तिथं एकेकाला चालवायला लावलं. साहेब शेजारी उभे, मॅडम मागच्या सीटवर, उस्ताद आणि बाकीची पोरं खाली रस्त्याच्या कडेला. राहुल पास झाला. नानांनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

आम्रपालीनं सपाटीवर गाडी सुरेख आणली. वळण घेतलं, गिअर टाकले, सगळं नीट. स्टिअरिंग ती तिची तीच शिकली होती. मग साहेबांनी चढावर थांबायला सांगितलं आणि म्हणाले, "आता उचला."

तिनं रोजच्यासारखा ब्रेकवरचा पाय काढला, क्लच सोडायला सुरुवात केली, आणि गाडी मागे निघाली. आता कुठलाही माणूस अशा वेळी गडबडीनं ब्रेक दाबेल. ती खाली पायाकडे बघत राहिली. ब्रेक आत जायची वाट बघत असल्यासारखी बघत राहिली. काय चाललंय ते त्या सगळ्या रस्त्यावर एकट्या नानांना कळलं. साहेबांनी झडप घालून हँडब्रेक ओढला. मागचं चाक गटाराच्या काठाशी येऊन थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण कडेला उभ्या पोरांत एकजण फिस्सकन हसला आणि म्हणाला, "कोट्यातलं ड्रायव्हिंग हाय, बाबा."

मॅडम खाली उतरल्या. पाठोपाठ आम्रपाली उतरली, चेहरा पांढराफटक. मॅडमनी नानांना सरळ विचारलं, "उस्ताद, हिचा चढावरचा सराव झाला नव्हता का?"

बोलायची हीच वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं, की नाही झाला, मी होऊ दिला नाही. ज्या माणसाची जीभ उभ्या जन्मात कधी अडली नाही, त्याची तिथं अडली. आणि सुटली ती भलतीकडेच.

"झाला व्हता मॅडम. पण घाबरली. बायकांना चढाची भीती बसते, काय करणार."

आम्रपाली दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं नानांकडे बघितलं. रागानं नाही, आपण खरंच घाबरलो होतो का, हे आठवून बघितल्यासारखं. मग तिनं मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी देऊ. तेव्हाही जमलं नाही तर नाव कमी करावं लागेल. आणि पुढच्या बॅचला मुली घ्यायच्या की नाही, त्याचाही विचार करावा लागेल. सुहासशेठचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी पोलादपूर स्टँडसमोरच्या हॉटेलात नाना बसले होते. रामजी म्हणून त्यांचा जुना जोडीदार, कंडक्टर होता, तोही आला. बातमी त्याच्या आधी आली होती.

"तू कशाला तोंड पाडून बसलास?" रामजी म्हणाला. "तुझा काय दोष? तू दगडालाबी शिकवशील. आडातच नाय तर पोहऱ्यात कुठनं येणार रं?"

आजूबाजूचे हसले. कुणीतरी नानांचा चहा सांगितला. नानांनी तो प्यायला. उठून जायला हवं होतं, निदान गप कर म्हणायला तरी हवं होतं, पण नानांनी चहा प्यायला आणि बशीसुद्धा पालथी केली. स्वतःची एवढी किळस त्यांना आजवर कधी आली नव्हती. पोरीचं नाव चारचौघांत मातीत मिसळत होतं आणि त्यातून आपलं नाव कसं सहीसलामत राहतंय ते हा गडी ऐकत बसला होता. हद्द झाली म्हणायची. घरी साळूबाईनं, बायकोनं, विचारलं की पोरीचं काय झालं. नाना म्हणाले, "नाय झाली पास," आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सरावाला निघताना त्यांच्या मनात आलं, ती आली नाही तर बरं होईल. मनात आलं आणि त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ती आली होती. गणवेश धुऊन इस्त्री केलेला. कुणाशी न बोलता मागच्या सीटवर बसली. राहुलचं झाल्यावर तिचा नंबर आला, तसं ती पुढं आली आणि म्हणाली, "कापड्याच्या चढावर जाऊ या, नाना."

बॅचची सगळी पोरं गाडीत होती. चढावर, आदल्या दिवशी घरंगळली होती त्याच जागेच्या जरा खाली तिनं गाडी थांबवली. गिअर काढला. आणि मग दोन्ही पाय उचलून बाजूला घेतले. हँडब्रेकला तिनं हात लावला नव्हता.

गाडी हलली नाही.

"राहुल, इकडं ये," ती म्हणाली. "माझे पाय कुठं आहेत बघ. आणि ब्रेक बघ."

राहुल वाकला. त्याच्यामागून बाकीचे वाकले. तिच्या बाजूचा ब्रेक, पायाशिवाय, पार तळाशी गेलेला होता. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू डावीकडे वळल्या, नानांच्या चपलेवर. सवयीनं जाऊन बसलेला पाय. नानांना तो काढताही येईना, काढला तर गाडी मागे जाणार.

"गाडीची खोड नाय ही," आम्रपाली म्हणाली. "रात्रभर विचार केला मी. परीक्षेच्या गाडीचा ब्रेक आपोआप आत गेला नाय, म्हणून कळलं." तिनं हँडब्रेक ओढला. "रोज धरत होतात?"

"रोज," नाना म्हणाले.

"राहुलच्या वेळेला?"

"नाय."

"मग माझ्याच का?"

नानांना चांगलं उत्तर सापडत होतं. तुझी काळजी वाटली, परक्याची लेक, असलं. पण काल त्यांनी मॅडमसमोर एक उत्तर दिलं होतं आणि त्याच्यानंतर आता गोड बोलायला तोंड उरलं नव्हतं.

"तुला जमंल असं मला वाटलंच नव्हतं कधी," ते म्हणाले. "काल मॅडमला मी खोटं सांगितलं. तू घाबरली नव्हतीस. तुला मी शिकवलंच नव्हतं."

लाजेनं माणूस मरत नाही, हे नानांना त्या सीटवर बसून कळलं. मेलं असतं तर सुटलं असतं. मागं ती सगळी पोरं, ज्यांच्या बापांचा त्यांनी रोज उद्धार केला होता, ऐकत उभी होती. कालचा तो हसणारा खिडकीबाहेर बघायला लागला.

आम्रपालीनं डोळे पुसले नाहीत, म्हणजे पुसण्यासारखं काही नव्हतंच. ती रागावलेली होती आणि ते दिसत होतं.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. सीटवर घ्या. मला दिसले पाहिजेत."

आणि मालोजी उतेकरांनी, ज्यांच्यासमोर पोरं ताठ बसायलाही भीत, चपला काढल्या आणि पंगतीला बसावं तशी सीटवर मांडी घातली. आपलेच गुडघे हातांनी धरून ठेवले.

तिनं गाडी सुरू केली. हँडब्रेक सोडून पाय ब्रेकवर घेतला, मग काढला आणि गाडी मागे आली. "नाना!" राहुल ओरडला. नानांच्या पोटऱ्यांत गोळे आले, पण मांडी मोडली नाही. तिनंच धपकन ब्रेक दाबला, गाडी हिसका खाऊन बंद पडली. मागं दोघं आपटले. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा ती स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाली, "राहुलला ओरडता ना? मग मला ओरडा की."

नानांनी तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग आवाज फुटला, तोच जुना, फाटका. "अगो, क्लच काय सोडतेस फटाकडीसारखा! अर्ध्यावर धर! इंजिनचा आवाज जड व्हतोय का ऐक! ऐकलास? आता, आता सोड ब्रेक!"

तिनं कान दिला. इंजिन घुमलं, बॉनेट थरथरलं. तिनं ब्रेक सोडला, आणि गाडी मागे न जाता आपल्या जागेवरून वर निघाली. गटार मागं राहिलं, वळण आलं, तिनं दुसरा गिअर टाकला. मागं पोरांनी टाळ्या वाजवल्या, तिनं वळून बघितलं नाही. रस्त्यावर नजर ठेवूनच ती म्हणाली,

"एवढंच सांगायचं राहिलं होतं, नाना?"

गाडी घाट चढत होती आणि नाना मांडी घालून बसून होते. खाली पाय टाकायची त्यांची हिंमत झाली नाही.