एका सीटची गाडी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझ्याकडे पाहून ते खरे वाटणार नाही, कारण माझा रंग नवाकोरा आहे आणि पुढच्या चाकाचे लांब पाइप आरशासारखे चमकतात. पण मित्रांनो, माझे इंजिन बावीस वर्षांचे आहे.

माझी घडण लांबच्या प्रवासासाठी झाली. कारखान्यात मला रुंद सीट, वारा अडवायला उंच काच आणि सामानासाठी दोन्ही बाजूंना पेट्या मिळाल्या. मला विकत घेतले एका चष्मेवाल्याने. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा हा माणूस सुट्टी आली की मला बाहेर काढी. मागे त्याची बायको बसे. ती नर्स होती. नकाशा तिच्या हातात असे.

"अहो, उजवीकडे म्हटलं होतं मी!"

"तुझं उजवं की माझं?"

असे भांडत भांडत त्यांनी माझ्यावर बसून नव्वद हजार किलोमीटर पार केले. अवघड चढण संपली की ती माझ्या पेटीवर थाप मारून म्हणे, "शाब्बास गं बाई!" तेवढ्यावर मी पुढचा डोंगर चढत असे.

मग एके दिवशी ती इस्पितळाच्या जिन्यावरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, हातात काठी आली. आठ महिने मी शेडमध्ये उभी होते. टायर बसले, बॅटरी मेली. पण मी रुसले नाही. घरात दुखणे असताना गाडीने रुसायचे नसते.

एका संध्याकाळी तो माझ्यावरची धूळ झटकत होता, तेव्हा ती शेडमध्ये आली ती हसतच. "डॉक्टर म्हणाले, पाठीला टेकू आणि पाय ठेवायला सपाट जागा केली, तर बसायला हरकत नाही. आधी पाय टाकायचा सराव कर म्हणाले."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने गॅरेजच्या मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने पुठ्ठ्यावर माझे चित्र काढले. मागे टेकू, खाली रुंद पायपट्ट्या, जरा खाली घेतलेली सीट. मला ते फार आवडले. पण चष्मेवाला पुठ्ठा उलटा करून म्हणाला, "आणि चॉपर केली तर?"

मिस्त्रीने चॉपर काढली. पुढचे चाक लांब पळालेले, हँडल उंच, टाकी पेरूएवढी आणि एकच सीट.

"काका, यासाठी हिची चेसिस कापावी लागेल," मिस्त्री म्हणाला. "एकदा कापली की मागे फिरणं नाही. आणि दोन्ही एका गाडीत होत नाही. काय ते ठरवा."

ठरवायला त्याला तीन आठवडे लागले. माझी काच पुसता पुसता तो मिस्त्रीजवळ बोलून गेला होता, "पन्नाशी उलटली. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघितलं. एकदा तरी लोकांनी वळून माझ्याकडे बघावं." मी त्याला हसत नाही. इच्छा वाईट नव्हती.

त्या तीन आठवड्यांत ती रोज दुपारी एकटी माझ्याजवळ येई. काठी भिंतीला टेकवून, माझे हँडल धरून पाय उचली. आधी पाय सीटच्या निम्म्यापर्यंतही जात नव्हता. दातांत ओढणी धरून ती पुन्हा उचली. एकविसाव्या दिवशी पाय पलीकडे गेला. ती माझ्यावर बसली आणि ओरडली, "अहो! लवकर या, बघा!"

तो दारात आला. त्याने पाहिले. नीट पाहिले, मित्रांनो. आणि म्हणाला, "उतर, पडशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला मिस्त्रीकडे नेले.

"काकू काय म्हणाल्या?" मिस्त्रीने विचारले.

"तिला आता जमणार नाही. डॉक्टरच नको म्हणाले."

मला वाचा नाही याचे दुःख मी नेहमीच गिळत आले. त्या दिवशी ते गिळता आले नाही. मग ग्राइंडर सुरू झाला आणि माझी मान कापली गेली.

दोन महिन्यांनी मी घरी आले. ती काठी टेकत अंगणात आली आणि तिने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"छान दिसते."

"तुला कंबरेचा त्रास, म्हणून मी म्हटलं..." तो सांगू लागला.

"चॉपर हवी होती ना? घ्या की. मी काय आडवी आले असते? पण माझ्या कंबरेच्या नावावर खपवू नका."

ती आत गेली. तो बराच वेळ माझी टाकी पुसत राहिला. टाकी स्वच्छच होती.

लोकांनी वळून पाहिले, हे खोटे नाही. एका प्रदर्शनात मला ढालही मिळाली. फोटो निघाले. पण तासभर चालवले की त्याचे हात बधिर होत. वळणावर मी वळत नसे. एकदा पेट्रोल पंपासमोरच आम्ही दोघे आडवे झालो, तेव्हाही सगळ्यांनी वळून पाहिले.

पुढच्या सुट्टीत तो तिला म्हणाला, "मोटार भाड्याने घेऊ. जाऊ या डोंगराकडे."

"तुम्ही जा. आम्ही नर्स मैत्रिणी बसने समुद्रावर चाललोय." तिने बॅग उचलली. तो घ्यायला पुढे झाला, पण तिने दिली नाही.

ती गेल्यावर तो मला घेऊन तडक मिस्त्रीकडे गेला. "पहिल्यासारखी होईल का?"

मिस्त्री वाकून माझ्या मानेवरचा जोड पाहत राहिला. "काका, सांधता येईल. पण या चेसिसवर दोन माणसं बसवा, असं मी नाही सांगणार."

आता मी शेडमध्ये असते. तो दर रविवारी मला तेल देतो, पाइप चमकवतो, माझ्यावर कापड घालतो. शेजारी म्हणतात, गाडीची काळजी घ्यावी तर यांनी. मित्रांनो, तुम्ही त्याला काळजी म्हणू नका. तुमच्याही गाडीवर, तुमच्याही घरात कुणाची तरी जागा असेल. ती कापण्याआधी त्या माणसाला विचारा. तो माणूस पाय उचलायचा सराव करत असेल, तर थोडे थांबा.